दाखल्यावर तोंडाचा रकाना कधी येणार?

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
श्वान नोंदणी व प्रदर्शन संस्था

पिल्लांच्या तोंडाच्या तपासणीचा विषय यंदाही तुमच्या सभेपुढे आला नाही. माझ्या पत्रांची पोच मिळते, उत्तर मिळत नाही. म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या नोंदणी दाखल्यावर पिल्लाचा रंग असतो, आईबापांचे किताब असतात, मायक्रोचिपचा क्रमांक असतो. तोंड उघडून कोणी पाहिलं का, याची नोंद कुठेही नसते. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही, असं 2017 चे केंद्राचे नियम सांगतात. त्या वयात दुधाचे 28 दात आलेले असतात. पाहायला दोन मिनिटं लागतात. तीही तुम्ही देत नाही.

कुत्र्याचे कायमचे दात 42. जर्मन शेफर्डच्या लांब जबड्यात 42, पगच्या इवल्याशा जबड्यातही 42च. पिढ्यान् पिढ्या निवडून तोंड आखूड केलं, दातांची संख्या तेवढीच राहिली. मग दाढा आडव्या फिरतात, एकमेकींवर चढतात, फटींत अन्न कुजतं, हिरड्या सडतात. एखादी दाढ बाहेरच येत नाही. मालकाला वाटतं, ती मुळात नव्हतीच. ती हाडात अडकलेली असते, तिच्याभोवती पाण्याची गाठ वाढते आणि जबड्याचं हाड आतून झिजवते. एक्स-रे काढल्याशिवाय हे कळत नाही आणि उशीर झाला तर कमजोर जबडा मोडतो. तुमच्याच रिंगणात जर्मन शेफर्डचे 42 दात परीक्षक मोजतात. पगचे का मोजत नाहीत?

पॉमेरेनियन, यॉर्कशायर, चिहुआहुआ यांचं दुखणं वेगळं. त्यांचे दुधाचे सुळे अनेकदा पडत नाहीत. पाचव्या-सहाव्या महिन्यात कायमचा खालचा सुळा दुधाच्या सुळ्याच्या आतल्या बाजूने उगवतो आणि जागा न मिळाल्याने टाळूत रुततो. प्रत्येक वेळी तोंड मिटलं की टोचतो. पुढे टाळूला भोक पडून ते नाकापर्यंत जाऊ शकतं. एका जागी एकाच प्रकारचे दोन दात दिसले, तर दुधाचा दात लगेच काढावा लागतो. ‘पडेल आपोआप’ हे ब्रीडरचं उत्तर त्या पिल्लाला महागात पडतं, कारण उशीर झाला की कायमचा सुळा वाकडाच राहतो. तो मग भूल देऊन काढा, छाटा नाहीतर तारेने सरकवा. आणि कुत्रा पगसारखा आखूड नाकाचा असेल, तर भूल देताना आम्हा डॉक्टरांचा जीव टांगणीला लागतो.

डिस्टेंपरच्या आजारामुळे दातांचं कवच खराब होऊन तपकिरी, खड्डे पडलेले दात येतात. तो दोष लसीकरण चुकल्याचा, तुमचा नाही. पण वंशातून आलेल्या वाकड्या जबड्याचा हिशोब तुम्हालाच द्यावा लागेल. शोच्या आधी दात सरळ करून द्या, असं सांगणारे ब्रीडर माझ्याकडे येतात. मी नकार देतो. दात सरळ झाला तरी वंशातला दोष जात नाही. असा कुत्रा पदक घेतो, त्याच्या जोडणीचा भाव चढतो, आणि दोष पुढच्या पिल्लांत उतरतो. हे तुमच्या शिक्क्याने चालतं. नियम करणारे तुम्ही आहात, त्यामुळे माहीत नव्हतं हे कारण चालणार नाही.

मागणी साधी आहे. दाखला देण्यापूर्वी पिल्लाचं तोंड पशुवैद्याने तपासावं. सातव्या महिन्यात, कायमचे दात आल्यावर, पुन्हा तपासावं आणि न दिसणाऱ्या प्रत्येक दातासाठी एक्स-रे काढावा. जबड्याचा आनुवंशिक दोष असलेला नर किंवा मादी जोडणीसाठी नोंदवू नये. हे तीन ठराव येत्या सभेत मांडा. आणि पिल्लू घ्यायला निघालेल्या वाचकांनो, तोवर पैसे मोजण्याआधी त्याचे ओठ स्वतः उचलून पाहा.

— शहरातील एक पशुवैद्य