फोनमुळे मेंदू ‘पातळ’ होतो? आधी तो मोजतात कसा, ते बघा

‘जास्त स्क्रीन बघणाऱ्या मुलांच्या मेंदूचा थर पातळ’ हा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी आला असेल. त्याचं मूळ अमेरिकेतल्या एबीसीडी अभ्यासात आहे. तिथे ११ हजारांहून जास्त मुलांचे ९-१० वर्षांपासून ठरावीक काळाने एमआरआय काढले जातात. डिसेंबर २०१८ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात त्यातली सुरुवातीची निरीक्षणं आली आणि जगभर हेडलाइन झाली. हे स्क्रीनमुळेच होतंय का ते माहीत नाही, असंही तिथे सांगितलं होतं. फॉरवर्ड होताना तेवढंच वाक्य गळालं! शिवाय किशोरवयात हा थर थोडा पातळ होणं हा वाढीचाच भाग आहे.

पण मुळात ‘पातळ’ हे मोजतात कसं?

मेंदूचा बाहेरचा करडा थर म्हणजे कॉर्टेक्स. त्याची सरासरी जाडी साधारण २.५ मिलिमीटर. आणि एमआरआयचा एक ठिपका साधारण १ मिलिमीटरचा. म्हणजे अख्खा थर दोन-तीन ठिपक्यांत बसतो, आणि संशोधक त्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान फरक शोधत असतात. त्यासाठी ‘फ्रीसर्फर’ हे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरतात. ते दोन पृष्ठभाग आखतं: एक आतला पांढरा भाग संपतो तिथे, दुसरा करडा थर संपतो तिथे. दोन्हींमधलं अंतर म्हणजे जाडी.

तुमच्या फोनचा पोर्ट्रेट मोड आठवा. केसांच्या बटा, चष्म्याची कड तो हमखास खातो. इथेही तसंच होतं. मेंदूवरचं आवरण आणि करडा थर एमआरआयमध्ये सारखेच दिसले, की बाहेरची रेष आवरणावर सरकते आणि थर उगाच जाड भरतो. कानाजवळच्या भागात पांढरा भाग कधी काळपट दिसतो. सॉफ्टवेअर त्याला करडा समजतं आणि आतली रेष चुकते.

मग माणूस बसतो. एकेक काप बघत आवरणाचे ठिपके ब्रशने पुसतो. पांढरा भाग सुटला असेल तिथे ‘हा नक्की पांढरा’ अशा खुणा ठेवतो आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालवतो. एका स्कॅनलाच काही तास लागतात. ११ हजार मुलांसाठी असं कोण बसणार? म्हणून मोठ्या अभ्यासांत स्कॅनचा दर्जा तपासून खराब स्कॅन बाजूला काढण्यावर भर असतो.

आता खरी गोची. मशीनमध्ये मूल हललं की चित्र अस्पष्ट होतं आणि थर आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. २०१५ मध्ये संशोधकांनी माणसांना स्कॅनमध्ये मुद्दाम डोकं हलवायला सांगून हे दाखवून दिलं. ही चूक ब्रशने जात नाही, कारण चित्रच बिघडलेलं असतं. चुळबुळ्या मुलांचा गट शांत मुलांच्या गटाशी ताडून बघितला, तर ‘पातळ मेंदू’ आणि ‘हललेलं डोकं’ वेगळं कसं करणार? माझ्या मते अशी बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच हवा, आणि बातमीत त्याचं उत्तर क्वचितच असतं.

एआय हे सोडवेल? जर्मनीतल्या टीमचं ‘फास्टसर्फर’ मेंदूचे भाग मिनिटभरात वेगळे करतं. वेळ वाचतो, हे खरंच. पण ते शिकलं फ्रीसर्फरच्याच उत्तरांवरून. सरांच्या वहीत चूक असेल तर ती विद्यार्थ्याकडेही येऊ शकते.

आणि अपडेटचं काय? २०१२ मध्ये संशोधकांनी तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत टाकून पाहिले. मेंदू तेच, तरी जाडीत सरासरी २.८ टक्के फरक आला.