मिठीवरचे बिडाचे खांब

दादरहून वांद्र्याकडे जाणारी लोकल माहीम सोडताच मिठी नदी ओलांडते, ती पश्चिम रेल्वेच्या २० क्रमांकाच्या पुलावरून. १८८८ पासून या पुलाचा भार बिडाच्या मळसूत्री खांबांवर होता.

असे खांब या मार्गावर त्याच्या कितीतरी आधी आणले होते कर्नल जॉन पिट केनेडी यांनी. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे ते सल्लागार अभियंता होते. सुरत ते मुंबई नद्या आणि खाड्यांची रांगच लागते. प्रत्येकीसाठी वेगळा पूल आखत बसण्याऐवजी केनेडींनी एकच नमुना ठरवला: साठ फुटांचा गाळा, वर त्रिकोणी सांगाड्याचा वॉरन गर्डर, खाली बिडाचे खांब. सुटे भाग इंग्लंडहून बोटीने येत आणि जागेवर जोडले जात. नोव्हेंबर १८६४ मध्ये गाडी ग्रँट रोडला पोचली.

मळसूत्री खांबाची युक्ती आयर्लंडचे अंध अभियंता अलेक्झांडर मिचेल यांची, पेटंट १८३३ चे. खांबाच्या टोकाला रुंद पाते असते. लांब दांड्यांना बैल जुंपून खांब फिरवला की तो गिरमिटासारखा चिखलात उतरे. गाळ उपसून दगडी पाया घालण्याचा खर्च आणि वेळ त्यामुळे वाचला.

हा नमुना सगळीकडे टिकला नाही. भरूचजवळ नर्मदेच्या पुराने पुलाचे गाळे वारंवार वाहून नेले. अखेर तिथे नवा भक्कम पूल बांधावा लागला. तो १८८१ मध्ये पूर्ण झाला. मिठी ही नर्मदेच्या तुलनेत लहान नदी, आणि माहीमला भरती-ओहोटीचे पाणी. तिथले खांब २६ जुलै २००५ च्या महापुरातूनही तरले.

मात्र भार वाढतच गेला. १९२८ मध्ये या मार्गावर विजेच्या गाड्या आल्या. पुढे डबे वाढले, फेऱ्या वाढल्या. जानेवारी २०२५ मध्ये दोन रात्रींचे ब्लॉक घेऊन जुन्या खांबांच्या जागी नवा आधार देण्याचे काम झाले.

हा बदल योग्यच. खाऱ्या पाण्यातल्या १३७ वर्षांच्या बिडावर लाखो प्रवाशांचा भरवसा टाकता येत नाही. पण काढलेले लोखंड म्हणजे केवळ भंगार नव्हे. त्यातला एक खांब माहीम स्थानकात मराठी माहितीफलकासह उभा करावा. रेल्वेला हे अवघड नाही.