नव्या खोक्यातला जुना संगणक

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे निरोप येऊ लागतात. "भाईजान, वीस हजारांत कॉम्प्युटर घ्यायचाय, कोणता घेऊ?" सोबत एखाद्या ऑनलाइन जाहिरातीचा फोटो असतो. काळा कॅबिनेट, आत निळे-लाल दिवे आणि वर लिहिलेलं: 'आय ५, ८ जीबी, ५१२ एसएसडी, एकदम नवा'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून मला विचारतात. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. वीस हजारांत नवा घेऊ नका. ऑफिसातून निघालेला, नावाजलेल्या कंपनीचा, आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्या.

यावर समोरून आधी थोडी नाराजी येते, आणि ती मला समजते. अब्बांनी वर्षभर पैसे बाजूला टाकलेले असतात. मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पहिली मोठी वस्तू द्यायची, तर ती कुणीतरी वापरून टाकलेली नसावी असं त्यांना वाटतं. 'सेकंड हँड' या शब्दाला आपल्याकडे कमीपणा चिकटलेला आहे. पण या किमतीत 'नवा' म्हणून जे विकलं जातं, ते अनेकदा रिफर्बिश्डपेक्षाही जुनं असतं.

ते कसं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. इंटेलचा एच ६१ नावाचा चिपसेट २०११ सालचा. त्यावर चालणारे स्वस्त मदरबोर्ड आजही नव्याने बनून येतात. अशा बोर्डावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर बसवतात, म्हणजे आय ५-२४०० किंवा आय ५-३४७०. हे प्रोसेसर २०११-१२ चे आहेत. त्यांचं उत्पादन कधीच थांबलंय, त्यामुळे ते जुन्या मशीनमधून काढलेलेच असतात. बाकी कॅबिनेट, पॉवर सप्लाय, रॅम, एसएसडी हे सगळं नवं पण हलकं. खोकं सीलबंद, एक वर्षाची वॉरंटी. जाहिरातीत 'आय ५' ठळक अक्षरांत असतं, पुढचा आकडा गायब असतो किंवा कुठेतरी तळाशी असतो. म्हणजे मेंदू चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा आणि अंगरखा कोरा.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? आय ३, आय ५, आय ७ यावरून फारसं काही कळत नाही. डॅशनंतरचे आकडे बघायचे. चार आकडे असतील तर पहिला आकडा जनरेशन सांगतो. आय ५-८५०० म्हणजे आठवी. पाच आकडे असतील तर पहिले दोन. आय ५-१२४०० म्हणजे बारावी. २०११ चा आय ७-२६०० 'आय ७' म्हणून आजही रुबाबात विकला जातो, पण २०२० चा साधा आय ३-१०१०० त्याला आरामात मागे टाकतो. दुकानदार नंबर सांगायला कचरत असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आता रिफर्बिश्ड म्हणजे काय ते बघू. हिंजवडी, ऐरोली, बीकेसी अशा ठिकाणच्या कंपन्या डेस्कटॉप शेकड्यांनी घेतात, पुष्कळदा भाडेकरारावर. तीन ते पाच वर्षांनी करार संपतो आणि पूर्ण लॉट बाहेर निघतो. व्यापारी तो घेतात, डिस्क पुसतात, धूळ काढतात, थर्मल पेस्ट बदलतात, बहुतेक वेळा नवी एसएसडी टाकतात आणि विकतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर ही त्यातली नेहमीची नावं. ही यंत्रं दिवसभर चालू राहावीत म्हणूनच बनवलेली असतात. त्यांचा पॉवर सप्लाय आणि बोर्ड त्या दिव्यांच्या कॅबिनेटमधल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. शिवाय ती एसी खोलीत, बहुधा ईमेल आणि एक्सेल करत जगलेली असतात. याहून आरामाचं आयुष्य कोणत्या यंत्राला मिळतं?

आठव्या जनरेशनचा माझा आग्रह वेगापुरता नाही. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही लागते. परिणाम असा की कार्यालयांतून सहाव्या-सातव्या जनरेशनच्या मशीन ढिगाने बाहेर पडल्या आहेत. त्या स्वस्त मिळतात आणि दिसायला अगदी आठव्यासारख्याच असतात. दुकानदार तपासणीला बगल देऊन त्यांच्यावर विंडोज ११ टाकूनही देतात. ते चालतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर अम्मीच्या खात्याचं नेट बँकिंग उघडणार, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणार, आधार आणि उत्पन्नाचे दाखले साठवणार, तिथे हा धोका पत्करू नये. हां, तुम्ही लिनक्स मिंट किंवा उबुंटू वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सहाव्या जनरेशनचं मशीन निम्म्या भावात मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना तर मी तेच सुचवतो.

'पण मग लॅपटॉपच का नको?' हा प्रश्न हमखास येतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत संगणक होता. शहरांत २३.४ टक्के, खेड्यांत ४.४ टक्के. त्यानंतर घरोघरी स्मार्टफोन आले, पण फोनवर टायपिंग शिकता येत नाही. एमपीएससीच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. तो बोटांत बसायला रोज समोर कीबोर्ड हवा. वीस हजारांत लॅपटॉप घेतला तर तो दुबळाच मिळणार. आणि लॅपटॉप ज्याच्या नावाने येतो त्याच्याच बॅगेत जातो. माझ्या पाहण्यातल्या घरांत तो बहुधा भावाबरोबर हॉस्टेलला गेला आणि बहिणीच्या वाट्याला त्याचा जुना फोन आला. डेस्कटॉप घरातच राहतो. जो घरी असेल तो त्यावर बसतो. आपल्याकडे घरी कोण जास्त असतं, हे मी सांगायला नको. ज्या मुलीला सायबर कॅफेत संध्याकाळी जाऊ देत नाहीत, तिच्यासाठी दिवाणखान्याच्या कोपऱ्यातलं हे यंत्र किती मोठी गोष्ट आहे, ते तिलाच विचारा. एका खोलीचं घर असेल तर याच कंपन्यांचे पुस्तकाएवढे मिनी डेस्कटॉपही येतात. ते वीज कमी खातात, फक्त त्यात पुढे फारसं काही वाढवता येत नाही.

वीस हजारांची वाटणी मी साधारण अशी करतो. तेरा ते पंधरा हजार नुसत्या सीपीयूला: आठव्या-नवव्या जनरेशनचा आय ५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. मॉनिटर जुनाच, एकोणीस ते बावीस इंचाचा, दोन ते तीन हजारांत. कीबोर्ड-माऊस मात्र नवे, पाचशे-सहाशेचे. उरलेल्या पैशात बसेल तो यूपीएस, तोही नवाच, कारण जुन्या यूपीएसची बॅटरी बहुधा मेलेली असते. तालुक्याच्या ठिकाणी विजेचा लपंडाव असतो, तिथे मी मॉनिटर लहान घेऊन यूपीएस घ्यायला सांगतो. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक हलतात. २०२५ च्या अखेरीपासून तर रॅमच्या किमती फार चढल्या आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार ओढून घेतलाय. म्हणून 'आत्ता ४ जीबी घेऊ, नंतर वाढवू' हा जुना हिशेब सध्या महागात पडतो. रॅम मशीनसोबतच मागा.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यातल्या एखाद्या दुकानात जा किंवा गावातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे जा, पण मशीन चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सेटिंगमध्ये प्रोसेसरचा नंबर आणि रॅम बघा. स्टार्टमध्ये 'टीपीएम डॉट एमएससी' टाकून २.० दिसतं का बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. त्यात एसएसडीची तब्येत टक्क्यांत दिसते. वीसेक मिनिटं यूट्यूबवर व्हिडिओ चालू ठेवा आणि पंख्याचा आवाज ऐका. पुढचे-मागचे सगळे यूएसबी पोर्ट माऊस लावून तपासा. बायोसमध्ये शिरून बघा. तिथे पासवर्ड मागत असेल तर तो जुन्या कंपनीचा राहून गेलाय, आणि तो काढल्याशिवाय मशीन पूर्णपणे तुमचं होत नाही. डेलच्या मशीनवर सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ विक्रीचा काळ कळतो. यावर दुकानदार वैतागला तरी हरकत नाही. चांगला दुकानदार उलट खूश होतो.

विंडोजच्या परवान्याचं काय? कंपन्यांच्या बहुतेक मशीनमध्ये विंडोजची किल्ली बोर्डातच साठवलेली असते, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. 'क्रॅक मारून देतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. त्या क्रॅकसोबत मशीनमध्ये आणखी काय शिरतंय ते ना त्याला माहीत असतं ना तुम्हाला.

काही लोकांनी मात्र नवाच घ्यावा. ज्यांना व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी किंवा मशिन लर्निंग करायचंय त्यांच्यासाठी हे नाही. ऑफिसच्या छोट्या कॅबिनेटमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड मावत नाही आणि त्याचा पॉवर सप्लायही तेवढा भार पेलत नाही. दुकान किंवा क्लिनिक चालवणाऱ्याला, ज्याचं काम एक दिवसही थांबता कामा नये, त्याने घरपोच दुरुस्तीची वॉरंटी असलेलं नवं मशीन घ्यावं. तसंच आसपास पन्नास किलोमीटरमध्ये दुरुस्त करणारा कुणी नसेल आणि विकणारा मुंबईत असेल, तर स्वस्ताई कुरिअरच्या खर्चात जाते. पण या सगळ्यांचं बजेट वीस नव्हे, पस्तीस-चाळीस हजारांचं हवं. वीस आणि चाळीसच्या मध्ये हप्त्यांचा मोह असतो. वर्षभर हप्ता फेडण्यापेक्षा आज वीसचं चांगलं मशीन घ्यावं आणि उरलेल्या पैशात क्लासची फी भरावी, असं माझं मत आहे.

माझा खरा वाद मात्र घरांशी नाही. मोहल्ल्यात अभ्यासिका काढणाऱ्या मंडळांशी आणि ट्रस्टशी आहे. दीड लाखाची वर्गणी जमते आणि तीन-चार चकचकीत नव्या मशीन येतात, कारण उद्घाटनाच्या फोटोत नवा खोका चांगला दिसतो आणि 'आमच्या मुलांना जुनं कशाला?' असं कुणीतरी सभेत म्हणतं. त्याच पैशात एकाच मॉडेलचे सात रिफर्बिश्ड डेस्कटॉप, मॉनिटर आणि यूपीएससकट बसतात. एकच मॉडेल असणं फार सोयीचं. सहा चालवायचे, सातवा सुट्या भागांसाठी राखून ठेवायचा. एकाचा पॉवर सप्लाय गेला की दुसऱ्याचा लावायचा, आणि हे काम अभ्यासिकेतल्याच बारावीच्या पोराला किंवा पोरीला स्क्रूड्रायव्हर देऊन शिकवायचं. तीन मशीनपुढे वीस मुलं रांग लावून बसण्यात मुलांचा सन्मान कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

कचऱ्याचाही मुद्दा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. उरलेल्यातला बराच कचरा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत फुटतो. तिथे आपल्यासारख्याच घरांतली माणसं उघड्या हातांनी बोर्ड तोडतात, तारा जाळून तांबं काढतात. एखादं मशीन आणखी पाच वर्षं चाललं तर ते तिथे पाच वर्षं उशिरा पोहोचतं. आपल्या देशातही आता ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम लागू आहेत आणि त्यांत रिफर्बिश करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची आहे. मोठ्या संख्येने घेणाऱ्या मंडळांनी विक्रेत्याला या नोंदणीबद्दल जरूर विचारावं.

आणि बिल. त्यावर सीपीयूचा सीरियल नंबर, 'रिफर्बिश्ड' हा शब्द आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. सहा महिने ठीक, एक वर्ष उत्तम. 'बिल हवं असेल तर अठरा टक्के वेगळे' असं ऐकू आलं तर शेजारच्या दुकानात जा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.