शाल-नारळाच्या आधी

मैत्रिणींनो, आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई नोकरी सोडून गेल्या. निरोपाला सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. शाल-नारळ घेऊन त्या मला हळूच म्हणाल्या, "सकाळचा पहिला तास नको, एवढंच तर मागत होते हो!"

लिज्जत पापडाचं पाहा. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथं लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण! भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, मुलंबाळं सांभाळून पापड लाटायचे. अशी जागा सहसा कोण सोडेल?

तुमचं पोळीभाजी केंद्र असो की शिवणकाम, हाताखालच्या चांगल्या बाईला आजच विचारा, "तुझं इथं अडतंय कुठं?" आणि जमेल तेवढं लगेच करा.