हेरेसची शेरी, उटनूरचा मोह



दिवाळीच्या तोंडावर जावई स्पेनहून शेरीच्या तीन छोट्या बाटल्या घेऊन आले. उटनूरच्या आमच्या घरात वाइन आली ती पहिल्यांदाच! "बाबा, प्यायची नाही, चाखायची," ते म्हणाले. चाखायचे म्हटल्यावर मला शेजारचे गोंड गुरुजी आठवले. आम्ही दोघांनी एकाच शाळेत वीस वर्षे शिकवले.

बोलवायला मात्र जीव कचरत होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी दंडारीला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या वडिलांनी पानाच्या द्रोणात मोहाची पुढे केली, आणि मी हात मागे घेतला. "आमच्यात चालत नाही," म्हणालो. तो विषय आम्ही पुन्हा कधी काढला नाही.

गुरुजी आले. येताना इथल्या आदिवासी महिलांच्या संघाने केलेले मोहाचे लाडूही आणले.

शेरी ही दक्षिण स्पेनमधल्या हेरेस भागातली वाइन. पहिली फिनो, गवतासारखी फिकट आणि कोरडी. पिंपात तिच्यावर यीस्टचा पांढरा थर धरतो आणि तो तिला हवा लागू देत नाही. त्या थराला तिकडे 'फ्लोर' म्हणतात, म्हणजे फूल. आंबलेल्या पिठाचा वास, जिभेवर खारट चव. खरे सांगतो, मला नाही रुचली. दुसरी ओलोरोसो. हिच्यावर तो थर नसतो, वर्षानुवर्षे हवा लागून ती तपकिरी होते. अक्रोडाचा वास येतो. वासावरून गोड वाटली, पण निघाली कोरडीच.

तिसरी पेद्रो हिमेनेथ. काकवीसारखी काळी, दाट. गुरुजींनी पेला नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हे उन्हात वाळवलेलं आहे," ते म्हणाले.

जावई बघतच राहिले. त्यांनी अजून काहीच सांगितले नव्हते. या वाइनची द्राक्षे खरोखरच उन्हात पसरून सुकवतात आणि मग त्यांचा रस काढतात.

गुरुजींना त्यात नवल वाटले नाही. चैत्रात मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचून अंगणात वाळवली की पांढुरक्याची तपकिरी होतात, मनुकांसारखी. पुढे ती भिजवून, आंबवून भट्टीवर गाळतात. शेरी आंबवलेल्या द्राक्षरसाची, तिच्यात वरून फक्त थोडे द्राक्षांचेच मद्यार्क घालतात. तेव्हा दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पण उन्हाचा वास गुरुजींच्या नाकाला लहानपणापासून ठाऊक.

पहिला घोट घेण्याआधी त्यांनी चार थेंब अंगणात, जमिनीवर सोडले. वाडवडिलांसाठी. मग चाखली, आणि वर लाडवाचा तुकडा खाल्ला.

"गुरुजी, यंदा दंडारीला येऊ का?" मी विचारले.

"या की. द्रोण मीच देणार पण."