छंदांचा कोपरा : रंग वाटेतच वाळतो!

नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहून आल्यावर इंजिनाची छोटी प्रतिकृती करण्याची हौस कुणाला वाटणार नाही? पण खरी परीक्षा रंगाची. एअरब्रशसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्यावा आणि दुधाइतका पातळ करावा. हवेचा दाब 15 ते 20 पौंड पुरे. आमच्या वैशाखात मात्र हा रंग सुईच्या टोकावरच सुकतो, नाहीतर वाटेत वाळून इंजिन खरखरीत करतो. तेव्हा दिवाळीनंतरची थंडी साधावी. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे. लॅकर झटपट वाळतो खरा, पण त्याच्या थिनरची वाफ पेट घेते. म्हणून अंगणात पणत्या तेवत असेतो त्या बाटलीचे बूच उघडू नये!