बंदुकीचा निर्णय आजोबांनीच करावा

घरातले वडीलधारे गेले की दिवसकार्य आटोपल्यावर कागदपत्रांची कामे निघतात. सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवायची, बँकेतली खाती बंद करायची, घरपट्टी आणि वीजबिल नव्या नावावर करून घ्यायचे. महाराष्ट्रातल्या काही घरांत या यादीत आणखी एक वस्तू असायला हवी, पण नेमकी तीच राहून जाते. ती म्हणजे आजोबांची बंदूक. कोकणात ती बहुधा शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची किंवा एकनळी असते. देशावरच्या एखाद्या जुन्या वाड्यात शिकारीच्या काळातली विलायती बारा बोरची दुनळी. वर्षानुवर्षे खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहिलेले असते. तिच्यावर आजोबांचा हात फिरलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. ती विकण्याचा विषय काढायला कोणी धजावत नाही आणि नावावर करून घ्यायचे आज-उद्या करता करता वर्षे निघून जातात. बंदूक माळ्यावर नाहीतर कपाटात पडून राहते.

इथेच घोटाळा होतो. जमीन आणि दागिने येतात तशी बंदुकीची मालकीही वारसांकडे येते, पण ती जवळ बाळगण्याची परवानगी येत नाही. परवाना त्या एका व्यक्तीपुरता असतो आणि तिच्याबरोबर संपतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम २१ याबाबत स्पष्ट आहे. शस्त्र बाळगणे कायदेशीर राहिले नाही, तर विनाकारण वेळ न घालवता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. जमा केले म्हणजे गेले, असे नाही. विहित मुदतीत वारस परवाना मिळवून ते परत घेऊ शकतात किंवा अधिकृतपणे विकू शकतात. मुदत उलटली तर मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होऊ शकते. आणि ते जमाच न करता घरात ठेवले, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड आहे.

आजोबांची आठवण म्हणून बंदूक जपणाऱ्या कुटुंबाच्या मनात गुन्ह्याचा विचारही नसतो. त्यांची माया खरी आहे आणि तिला इतिहासही आहे. १८५७ च्या उठावाची धास्ती घेतलेल्या इंग्रजांनी पुढे १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, शस्त्र कायदा आणला. त्यात युरोपियनांना सूट होती आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले. अशा काळात ज्याच्या नावावर परवाना, त्याचा गावात मान. म्हणून पाटील, देशमुख, इनामदार यांच्या घरांत बंदूक प्रतिष्ठेची झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला, तेव्हा दुनळीचे काम गेले; मान मात्र राहिला.

बंदुकीवरचा जिव्हाळा आणि कायदा एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. कोडगूमधल्या कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना १८६१ पासून परवान्यातून सूट आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोढच्या सणाला बंदुकीची पूजा होते, तिच्या नळीत कळलावीचे फूल खोवतात. घरात मुलगा जन्मला की एक बार, कोणी वारले की दोन बार काढण्याची रीत आहे. या सुटीला न्यायालयात आव्हान दिले गेले, पण २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. केंद्राने तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. तिथेही सूट म्हणजे मोकळीक नव्हे. सूटधारकाला सरकारी दाखला घ्यावा लागतो आणि बंदूक कोणाकडे आहे याची नोंद राहते. परंपरा टिकली ती नोंदीसकट.

महाराष्ट्रातल्या माळ्यावरच्या बंदुकीची मात्र नोंद मृत माणसाच्या नावावर असते, आणि धोका जिवंत माणसांना. जुनी ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. काडतुसी बंदूक उघडून बघता येते. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छरे नळीच्या तळाशी ठासलेले असतात. जाणकार कारागीर दारू ठासायचा गज नळीत अलगद सोडतो, तोंडाशी खूण करतो, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहतो. आत गेलेली लांबी नळीच्या लांबीपेक्षा कमी भरली, तर तळाशी काहीतरी अडकले आहे. ती दारू कोरडी राहिली असेल तर कित्येक वर्षांनीही पेट घेऊ शकते. अशी बंदूक सुट्टीत आलेल्या पोरांच्या हाती लागली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

विलायती दुनळीचेही तसेच. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक बंदुकांच्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र वळून केलेल्या आहेत. त्यांच्यावर दिसणारी नागमोडी नक्षी फार सुंदर असते आणि घरातल्यांना तिचे अप्रूप असते. पण त्या नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या; आजच्या धूरविरहित दारूच्या काडतुसाने त्या फुटू शकतात. दसऱ्याला एक बार काढू म्हणून कोणी आजचे काडतूस त्यात भरले, तर हात जाण्याची वेळ येते. बंदुकीसोबत डब्यात राहिलेली, पावसाळी दमटपणाने फुगलेली कागदी काडतुसेही तितकीच घातक. त्यांना हात न लावता पोलिसांना कळवणे हाच शहाणपणा.

मग करायचे काय? उत्तर २०१६ च्या शस्त्र नियमांतच आहे आणि ते फार थोड्या लोकांना माहीत आहे. नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाला परवाना मिळू शकतो. पण त्याच नियमात आणखी एक वाट आहे. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसांपैकी एकाचे नाव सुचवू शकतो. आजोबा ठणठणीत असताना, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगू शकतात की बंदूक कोणाकडे जाणार.

हा फरक मोठा आहे. आजोबांच्या पश्चात अर्ज करायचा तर इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे लागतात. एक काका मुंबईत, आत्या पुण्यात, नातू अमेरिकेत. त्यात जमिनीच्या वाटणीवरून अबोला असेल तर एका सहीसाठी घोंगडे भिजत पडते. शस्त्रपरवान्यांच्या राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक जुन्या परवान्यावर आहे की नाही, हेही तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात येते. आजोबा असते तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलेली माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालून शोधावी लागते.

हयातीत निर्णय घेताना दोन गोष्टी घरात स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली, बंदूक कोणाला हवी आहे आणि कोणाला झेपणार आहे. परवाना घेणाऱ्याचे वय किमान २१ हवे, पोलीस पडताळणी होते, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला लागतो, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. थोरला नातू म्हणून बंदूक त्याच्याकडे, हा हिशेब इथे लागू नाही. शेती सांभाळणारी मुलगी किंवा नात असेल तर तिचा हक्क तितकाच आहे. दुसरी गोष्ट संख्येची. २०१९ पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. आता दोनच, आणि वारसाहक्काने आलेली बंदूकही या मर्यादेत मोजली जाते. नातवाकडे स्वतःच्या दोन असतील तर आजोबांची तिसरी त्याच्या नावावर होणार नाही.

ज्याच्या बागेत रानडुकरे आणि माकडे धुडगूस घालतात, त्या शेतकऱ्याची गरज खरी आहे. त्याने परवाना वेळेत पुढच्या पिढीच्या नावावर करून घ्यावा. ज्यांना बंदूक चालवायचीच नाही, फक्त आठवण ठेवायची आहे, त्यांची अडचण वेगळी आहे आणि तिथे सरकारने पुढे यायला हवे. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये, दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा जुन्या शस्त्राला कायद्यातून वगळलेले आहे. पण आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे सामान्य कुटुंबाने स्वतः ठरवणे धोक्याचे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यापासून बंदूक कायमची निकामी करून लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणी संस्थेचा दाखला घेण्याची सोय आहे. दाखला मिळाला की ती दिवाणखान्यात लावता येते. आपल्याकडेही पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात जाणकार मनुष्यबळ असते. अल्प शुल्कात बंदूक निकामी करून दाखला देण्याची सोय प्रत्येक जिल्ह्यात झाली, तर कित्येक घरे निर्धास्त होतील.

दुसरे काम तर याहून सोपे आहे. परवानाधारकाची जन्मतारीख परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या दप्तरी असते. सत्तरी पूर्ण होताच त्याला एक पत्र जावे: नियम २५ काय सांगतो, अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लागतात, निर्णय किती दिवसांत मिळेल. मृत्यूनंतर स्वतःहून बंदूक जमा करणाऱ्या कुटुंबाला पोलीस ठाण्यात संशयाने वागवले जाणार नाही, तिथल्या तिथे पोच मिळेल, हेही त्याच पत्रात लिहावे. ठाण्याच्या पायरीची भीती कमी झाली तर बंदुका माळ्यावरून आपणहून खाली येतील.

सरकार हे करेल तेव्हा करेल. घरात परवान्याची बंदूक असेल तर येत्या खंडेनवमीला पूजा झाल्यावर आजोबांना परवान्याचे पुस्तक बाहेर काढायला सांगा. त्याची मुदत, ओळख क्रमांक आणि त्यावर नोंदलेला बंदुकीचा क्रमांक तपासा. आणि ती पुढे कोणाकडे द्यायची, विकायची की जमा करायची, हे त्यांच्याच तोंडून ऐकून अर्ज करा.